हळू लावलेली कडी

मंगळवार, दिवेलागण. परळ.

सूनबाई, आधी वार घाल. काल विसरलीस आणि माझा अख्खा दिवस बेवारशी राहिला. अक्षर तुझं असलं तरी रोजनिशी माझी आहे, तेव्हा सांगेन तेच लिही.

तुझ्या लेकाने, महेशने, आज त्याचा पिक्चर कॉम्प्युटरवर दाखवला. जग संपलंय आणि कोकणातल्या एका माळावर एकच झोपडी उरलीय. खर्चाला पैसे नाहीत म्हणून जग संपताना दिसत नाही, नुसती कुत्री भुंकायची थांबतात. ते आवडलं. मग एक भुकेला माणूस दारात येतो आणि झोपडीतली बाई धाडकन कडी लावते.

"आजी, खरं वाटतं का गं?"

"बाई खरी रे, कडी खोटी."

का खोटी, ते त्याला सांगितलं. तुला कधी सांगितलं नव्हतं. संपात आपली खानावळ बंद पडली तेव्हाची गोष्ट. गिरणीतला गणपत बारा वर्षं माझ्या हातचं जेवलेला. त्या दुपारी जिन्यात त्याची पावलं ओळखली. टोपात पोरांपुरताच भात होता. मी कडी लावली, पण हळू, त्याला ऐकू जाऊ नये म्हणून. तो हाक न मारता उभा राहिला, मग उतरून गेला. ऐकली असेल का त्याने? अजून कळत नाही.

महेश रविवारी पुन्हा शूटिंगला जातोय, कडी हळू लावून घ्यायला. त्याच्याबरोबर तांदळाच्या भाकऱ्या आणि सुकटीची चटणी दे. भुकेल्याचं काम करणाऱ्याला आधी वाढ म्हणावं, दार उघडं ठेवून.