ताईसाठी बारा किलो

५ जानेवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तपासण्या जुळल्या. माझी एक किडनी तुझी. डॉक्टरीणबाई मात्र म्हणाल्या, आधी बारा किलो उतरवा, मग ऑपरेशनच्या टेबलावर चढा. वीस वर्षं बेकरीत पाव फुगवतोय, म्हटल्यावर मीही थोडा फुगणारच. पण तू घोर लावून घेऊ नकोस. कालच वजन उतरवायची पावडर आणलीय. दुकानदार म्हणाला, महिन्यात चवळीची शेंग व्हाल.

माया आहे तेवढीच ठेव, घटायचं ते माझं वजन घटू दे.
तुझा,
ढोल्या

१२ जानेवारी

चि. ढोल्यास,
अनेक आशीर्वाद.

डायलिसिस आठवड्यातून तीनदा. हात सुजतो, जीभ शाबूत आहे, म्हणून सांगते: ती पावडर आधी फेक. इथल्या डॉक्टरांनी ऐकून कपाळाला हात लावला. असल्या पावडरींनी कधीकधी किडनीच बिघडते म्हणे. बिघडलेल्या दोन माझ्याकडे आहेत, तिसरी नको. उपाशी राहू नकोस. भाज्या, डाळी पोटभर खा, सावकाश चाव, नीट झोप आणि चाल. नाही जमलं, तरी भाऊ म्हणून तू मला पुरेसा आहेस.

माझ्या वहिनीच्या धाकात राहा.
ताई

२० मे

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पावडर फेकली. स्कूटरची किल्ली तुझ्या वहिनीने लपवली, म्हणून हातगाडी ढकलत घरोघरी पाव पोचवतो. पहिल्या चढावर गिऱ्हाइकांनीच मला बसवून पाणी पाजलं. खरी मेख निराळीच निघाली. हिने एक दिवस मोजलं, तर चव बघतो म्हणत मी दुपारपर्यंत अकरा बिस्किटं हाणली होती. आता चव ही बघते. मार्चमध्ये काटा पंधरा दिवस हलेना, तेव्हा रुसून अख्खा केक खाल्ला. दुसऱ्या दिवशी मुकाट्याने पुन्हा गाडी ढकलली. नऊ उतरले, तीन राहिले. तेवढा दम धर, ताई. तुला काही झालं तर मी बारीक होऊन करू काय?

रागावलीस तरी चालेल, पण पत्र पाठव.
ढोल्या

३० ऑगस्ट

चि. ढोल्यास,
अनेक आशीर्वाद.

तू पलीकडच्याच वॉर्डात आहेस, तरी चिठ्ठी नर्सच्या हाती पाठवतेय. भेटलो की हसू, आणि हसलं की टाके ओढतात. तू बाराऐवजी तेरा उतरवलेस, म्हणून डॉक्टरीणबाई सगळ्यांना तुझं कौतुक सांगत फिरताहेत. तुझी किडनी कामाला लागलीय. डायलिसिसमुळे चार वर्षं मी घोट मोजून पाणी पीत होते. आज नर्सने तांब्याच भरून दिला आणि म्हणाली, सगळा संपवा. मी रडत रडत संपवला, आणि आणखी मागितला.

तुझीच,
ताई