आऊट आपण म्हणायचं नाही

५ नोव्हें., बुधवार
वाइल्ड कार्ड आलं. मेन ड्रॉचं नाही, क्वालिफाइंगचं. म्हणजे आधी दोन मॅच जिंकायच्या, मग खऱ्या स्पर्धेच्या दारात उभं राहायचं. शिर्के सर फोनवर म्हणाले, "दार तरी दिसलं ना? मार लाथ." नऊ वर्षं कोचिंग करतायत माझं, पण स्वतः बेल वाजवल्याशिवाय कुणाकडे जात नाहीत.

जेवताना बाबांनी परत ट्रायल काढली. डिसेंबरात स्पोर्ट्स कोट्यातल्या नोकरीची ट्रायल आहे. टेनिस खेळायचं, मस्टरवर सही करायची, पगार घ्यायचा. आजोबांची गिरणी बंद पडली तेव्हा बाबा शाळेत होते. 'पर्मनंट' हा शब्द ते देवाचं नाव घ्यावं तसा घेतात. त्यांना मी काय बोलणार.

पण डिसेंबर संपला की माझं ज्युनिअर टेनिसही संपतं, वयाने. पुढे बायकांच्या स्पर्धा. तिथे कुणी लहान म्हणून सांभाळून घेत नाही. शेवटी मीच म्हटलं, या स्पर्धेत मेन ड्रॉची एक मॅच जिंकले तर एक वर्ष फक्त खेळणार. हरले तर गपचूप ट्रायल. बाबांनी घास हातात धरून विचार केला नि म्हणाले, "चलात." म्हणजे चालेल.
आई म्हणाली, "भाजी वाढू, की तीपण जिंकून घेणार?"

८ नोव्हें., शनि.
साइन-इन. मुलुंड ते अंधेरी बाबांच्या स्कूटरवर. पवईच्या सिग्नलपर्यंत त्यांनी तीनदा विचारलं, पाणी घेतलंस ना.

क्लबवर पोचलो. ज्युनिअरला कोर्टाबाहेर आयांची गर्दी, डबे, छत्र्या, "बेटा, टोपी घाल." इथे जी ती एकटी. एकीने मोजे धुऊन जाळीवर वाळत घातलेले. एक तिशीची बाई जिन्यात बसून फोनवर आपल्या मुलाला पाढे म्हणायला लावत होती. तिच्या पोटऱ्या बघून माझे सतराचे पाढे विसरायची वेळ आली.

डबल्सला पार्टनर नव्हती. अशा सगळ्या टेबलाजवळ घुटमळतात, पंगतीत जागा शोधल्यासारख्या. एक उंच, नाक सोललेली गोरी मुलगी आली. तिचं इंग्लिश माझ्यासारखंच तुटकं. "पार्टनर आहे?" नाही. "छान. मी डावीकडून खेळते." झालं. नाव लिहून मोकळे. लग्नं अशी जमली असती तर वंदूमावशीचं कधीच उरकलं असतं.

आनेश्का. झेक. माझ्याच वयाची, तीही यंदाच ज्युनिअरमधून बाहेर. एकटीच आलीय, कोच नाही, आई नाही. रँकिंगमुळे ती थेट मेन ड्रॉमध्ये. मी अजून दाराबाहेर.

९ नोव्हें., रवि.
क्वा. पहिली मॅच जिंकले. ६-३, ६-४. बॅकहँड बरा चालला, सर्व्हिस रडत होती.

क्वालिफाइंगला खुर्चीवर अंपायर नसतो. आपल्या बाजूचा बॉल आपणच बघायचा, बाहेर गेला तर बोट वर करून "आऊट" म्हणायचं. ज्युनिअरला पण हेच. नऊ वर्षं हे बोट वर करतेय, आता ते माझ्या डोक्याला न विचारता वर जातं.

आनेश्काच्या रॅकेटची तार तुटली. क्लबच्या गटिंगवाल्याकडे, म्हणजे तारा ताणून देणाऱ्याकडे, परवापर्यंत रांग. ती रडवेली. बाबा पुढे झाले, "कम मुलुंड. आय डू." तिने माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. काय करणार, खरंच करतात.

गॅलरीत बाबांचं मशीन आहे. ते काम करतात त्या वागळे इस्टेटच्या कारखान्यातल्या भंगारातून जमवलेलं, लेथचा एक भाग, कुठल्याशा पंपाचा दांडा. माझी सगळी रॅकेट्स त्यावरच ताणलेली. आनेश्का त्याच्याभोवती फिरून बघत होती. बाबांनी दोन्ही रॅकेट्सचं गटिंग केलं. तोवर तिने आईचे घावणे खाल्ले, मी मोजले नाहीत पण आईने पीठ परत भिजवलं. आई तिला अनुष्का म्हणते. तिने दुरुस्त नाही केलं.

निघताना म्हणाली, "ज्युनिअरमध्ये मला सगळे ओळखायचे. इथे मी माझं नाव स्पेलिंग करून सांगते." मला बरं वाटलं. वाईट आहे हे, पण वाटलं.

१० नोव्हें., सोम.
क्वालिफाय झाले. क्वालिफाय झाले. क्वालिफाय झाले.
तीन सेट. शेवटी पायात गोळे. सरांनी केळं दिलं. त्यांच्याकडे केळं म्हणजे हार-तुरा.

संध्याकाळी क्वालिफायर्सची नावं ड्रॉमध्ये पडली. माझी पहिली मॅच: आनेश्का.

बाबांनी ड्रॉचा कागद हातात घेतला. मग म्हणाले, "तिचा गटिंग मी जरा बरा केलंय गो."
तिचा मेसेज आला. 'उद्या दुश्मन. परवा पार्टनर. ओके?' ओके लिहिलं. मग झोप येईना म्हणून शूजच्या लेस बदलल्या.

११ नोव्हें., मंगळ.
हरले. ६-४, ३-६, ५-७.
मॅच पॉइंट होता माझा. आज नको.

१२ नोव्हें., बुध.
लिहिते. नाहीतर डोक्यात फिरत राहील.

तिसरा सेट, ५-४, माझी सर्व्हिस, ४०-३०. बाबा जाळीला चिकटून उभे, आई ऑफिसातून हाफ डे टाकून आलेली. मी सर्व्हिस केली, तिने रिटर्न लांब मारला. माझ्या मागच्या रेषेपाशी. मला तो बाहेर दिसला. बोटभर, जास्त नाही. मी बोट वर केलं, "आऊट" म्हटलं, बॉल हाताने पकडला आणि हसत नेटकडे चालत गेले हात मिळवायला.

आनेश्का तिथेच उभी. हात पुढे नाही. खुर्चीतून आवाज: "बॉल आत होता. ड्यूस."

मेन ड्रॉला खुर्चीवर अंपायर असतो. आऊट तो म्हणतो. आपण म्हणायचं नाही, आपण खेळत राहायचं. थांबलं की पॉइंट गेला. हा नियम मला माहीत आहे, झोपेत विचारला तरी सांगेन. बोटाला माहीत नव्हता. मी जिंकलेला पॉइंट स्वतःच्या हाताने पकडून तिला नेऊन दिला.

त्यानंतर तो गेम आणि पुढचे दोन, मी कुठे होते कुणास ठाऊक. मी नेटपाशीच उभी होते, हात पुढे करून.

काल घरी येईपर्यंत आई रिक्षात माझा हात धरून बसली. आमच्यात असलं काही नसतं, पण बसली.  बाबांच्याच गटिंगने मला हरवलं, यावर एरवी त्यांनी अख्ख्या सोसायटीत जोक केला असता. सर एवढंच म्हणाले, "बॉल आत होता की बाहेर, तो विषयच नाही. तू का थांबलीस?" रडू आलं तेव्हा केळं दिलं.

आज दुपारी डबल्स. आनेश्काशी एक शब्द बोलले नाही. पार्टनरशी न बोलता डबल्स खेळणं म्हणजे चालत्या रिक्षाचं हँडल दोघांनी दोन बाजूंना ओढणं. पहिला सेट घालवला, २-६. चेंजओव्हरला ती टॉवेलमधून म्हणाली, "माझ्यावर राग आहे तर मधला बॉल मार. तो माझा नाही, तुझा आहे." मी पुढचे सगळे मधले बॉल मारले. तिच्या कानाजवळून. जिंकलो. सुपर टायब्रेक १०-८.

सर म्हणाले डबल्सचा रँकिंग पॉइंट मिळाला. पहिला प्रोफेशनल पॉइंट. मी संध्याकाळपासून त्याच्याकडे चोरून बघतेय, कुणाला न सांगता. अट सिंगल्सची होती की नुसती 'एक मॅच' होती? मीच घातलेली अट, मलाच आठवत नाहीये असं दाखवतेय. लाज नाही मला.

१३ नोव्हें., गुरु.
डबल्स क्वार्टर हरलो. त्या दोघी आमच्यापेक्षा भारी होत्या, विषय संपला. यात रडण्यासारखं काही नाही, हे विशेष.

नंतर कँटीनमध्ये आनेश्काबरोबर बटाटावडा. विचारलंच तिला, तो बॉल. तिने वडा खाली ठेवला.
"मला बाहेर दिसला. बहुतेक."
"मग बोलली का नाहीस?"
"अंपायर आत म्हणाला. मागच्या महिन्यात माझा आतला बॉल बाहेर दिला, समोरची बोलली? नाही. मी तेव्हा हॉटेलच्या बाथरूममध्ये रडले. मग कळलं, इथे कुणी कुणासाठी बोलत नाही." मग म्हणाली, "तू बोलली असतीस?"

हो म्हणायला तोंड उघडलं. ज्युनिअरला असते तर बोलले असते, शंभर टक्के. मंगळवारी, ती अट डोक्यावर असताना, तिचा मॅच पॉइंट असता आणि बॉल मी मारलेला असता तर... माहीत नाही. तसंच सांगितलं. ती म्हणाली, "बघ."

राग गेला असं नाही. पण आता तो तिच्यावर नाही.

तिचं पुढचं ठरलंय. एक आठवडा सराव, मग सोलापूर, तिथे परत अशीच स्पर्धा. मला म्हणाली, "तू आहेसच ना? खोली अर्धी अर्धी करू. डबल्स पण." सोलापूरच्या क्वालिफाइंगच्या यादीत माझं नाव आहे, सरांनी मागेच घातलेलं. काढायचं असेल तर सोमवार दुपारपर्यंत कळवायचं. मी तिला म्हटलं, बघते. घरी काय ठरलंय ते नाही सांगितलं. हरले तर गपचूप. शब्द माझाच.

१५ नोव्हें., शनि.
बाबांच्या ओळखीचे पाटणकर घरी आले. ट्रायल कुठे, किती वाजता, कुणाला भेटायचं. चांगला माणूस आहे, उगीच राग येत होता. "पोरगी हुशार आहे, लागली की रिटायरमेंटपर्यंत बघायला नको." बाबा खूश. मी चहा दिला नि आत गेले.

कपाटात मागच्या वर्षीच्या ट्रॉफ्या. ज्युनिअरच्या. त्यांच्यावरची धूळ पुसायला आईने मला लावलं. पुसता पुसता विचार केला, मंगळवारचा तो सेट परत खेळायला मिळाला तर? बॉल बाहेर दिसला तरी मारला असता, खेळत राहिले असते, जिंकले असते. आणि नंतर कळलं की मी या कल्पनेत पण सोलापूरचा विचार करतेय, त्या सेटचा नाही.

सरांना फोन. "मी काय करू?" म्हणाले, "मला विचारू नको गं. मी तुला नऊ वर्षांची असताना घेतली, मला तू अजून नऊचीच दिसतेस." फोन ठेवला.

१६ नोव्हें., रवि.
बाबा सकाळपासून गॅलरीत. माझ्या रॅकेटच्या जुन्या तारा कापत होते. ट्रायलसाठी असणार. मी उंबऱ्यात उभी राहिले.  शेवटी म्हटलं, "बाबा, मी अट हरले."
"होय." मान वर नाही केली.
"डबल्स जिंकलो पण ते धरायचं नाही. मी हरले."
"होय. मगे?"
"तरी मला जायचंय. सोलापूरला. आणि त्याच्यापुढे पण. एक वर्ष. जिंकून नाही, असंच."

कात्री थांबली. मला वाटलं आता गिरणी येणार. पाटणकर येणार. नाही आले. बाबा रागावले किंवा आतून हलले की मालवणीत जातात.
"मगे ह्या आदी सांगूक काय झालला तुका? अट तू घातलंस. मी आपलो चलात म्हटलंय. माका वाटला, पोरीक खात्री नाय, म्हणान ती मॅचीवर सोडता. तुका जावचा आसा, ह्या तू कधी सांगलंस?"

मी आठवून बघितलं. खरंच, कधी नाही. नऊ वर्षांत नाही. सर सांगायचे, स्कोअर सांगायचा, ट्रॉफी सांगायची. मी कधी तोंडाने म्हटलंच नाही.

"आता सांगतेय ना."
"परत सांग."
"मला जायचंय, बाबा."
त्यांनी आईला हाक मारली. ती कुकर बंद करून पदराला हात पुसत आली. "हिका ऐक," बाबा म्हणाले, "सांग गो बाय, आईक सांग."

तिसऱ्यांदा म्हटलं. आधी दोन्ही वेळा आवाज फाटला होता, या वेळी नाही. खालून सोसायटीचा वॉचमन वर बघायला लागला, एवढ्या मोठ्याने म्हटलं.

आई म्हणाली, "मला कधीच कळलं होतं. पण मी कशाला बोलू, जायचंय तिला." आणि कुकरकडे गेली.

बाबा हो म्हणाले नाहीत. पाटणकरांना काय सांगायचं तेही बोलले नाहीत. म्हणाले, "माका जरा इचार करूक दी." मग रॅकेट मांडीवर घेऊन बसून राहिले, तार न लावता. सोमवार दुपारपर्यंत वेळ आहे. मी आत येऊन हे लिहितेय. गॅलरीतून अजून मशीनचा आवाज नाही.