अडकलेल्या प्रवाशाची सुटका

तीर्थस्वरूप मामांस,

भाचीचा वाकून नमस्कार. (कंबर धरल्यामुळे तो प्रत्यक्षात खुर्चीत बसून केला आहे, पण आपण वाकूनच धरावा.) खोकला कसा आहे? मामी फोनवर म्हणाल्या की खोकला कधीच बरा झाला, तुम्हीच त्याला सोडायला तयार नाही. औषध वेळेवर घ्या आणि बाटलीवरचं बारीक छापलेलं वाचत बसू नका, त्याने आजवर कोणाचा घसा सुटलेला नाही. आमच्याकडे सगळं ठीक आहे. म्हणजे तसं ठीक नाही, म्हणूनच लिहायला बसले. तुम्ही जन्मभर मुख्य कारकून होतात, कायदेकानूंच्या बाबतीत घरात तुमच्याइतका पक्का माणूस दुसरा नाही. एका तारखेबद्दल तुमचं मत हवं आहे. एरवी तुम्ही ते न विचारता देताच, या वेळी मी रीतसर विचारते आहे, तेव्हा शेवटपर्यंत वाचा.

आमच्या तंत्रशिक्षण संस्थेत मी प्रमाणपत्र विभाग सांभाळते हे तुम्हाला ठाऊक आहे. विभाग म्हणजे मी, एक प्रिंटर आणि एक खिडकी, जी उघडत नाही. काम तसं सोपं. विद्यार्थ्याने अभ्यासक्रमाचे सगळे घटक पार पाडले की त्याला पूर्ण प्रमाणपत्र द्यायचं. मध्येच सोडून गेला तर जेवढे घटक झाले तेवढ्यांचा दाखला द्यायचा, आणि त्याच्या तळाशी ठळक अक्षरांत छापायचं : ‘हे पूर्ण प्रमाणपत्र नाही.’ हे वाक्य राहिलं तर संस्थेची मान्यता जाऊ शकते. नियम मला पटतो. ज्याला लिफ्ट अर्धीच दुरुस्त करता येते, त्याने तसं आधी सांगितलेलं बरं.

तर आमच्या लिफ्ट दुरुस्तीच्या वर्गात एक टेलरकाका होते. नावाने त्यांना कोणी हाक मारली नाही, वर्गातल्या पोरांनी पहिल्याच दिवशी ‘टेलरकाका’ करून टाकलं. उभं आयुष्य शिलाईत गेलं, मग तयार कपड्यांच्या दुकानांनी धंदा बसवला, तेव्हा गृहस्थ उतारवयात नवं शिकायला आले. लिफ्टचा पोलादी दोर ते बोटांनी असा चाचपायचे की जणू कापडाचा पोत बघताहेत. वर्गात सगळ्यांत सावकाश आणि सगळ्यांत नीट. शेवटचा एक घटक राहिला होता, ‘अडकलेल्या प्रवाशाची सुटका’, आणि त्या परीक्षेच्या आधीच ते घरी झोपेत गेले. आम्ही सगळे भेटून आलो, हळहळलो, आणि (हे लिहायला बरं वाटत नाही) विसरलो.

लिफ्ट मात्र विसरली नाही. कार्यशाळेला लागून आमची सरावाची लिफ्ट आहे, माझ्या खोलीच्या भिंतीपलीकडेच. दुपारचं जेवण आटोपून सगळे जरा सैलावले की ती आपोआप वर जायची, दोन मजल्यांच्या मध्ये थांबायची, आणि आतली घंटा वाजायची. एकदाच. आत कोणी अडकलं असेल म्हणून पहिल्यांदा आम्ही धावलो. आत कोणी नव्हतं. मग रोजचंच झालं. लिफ्टचे सर म्हणायचे व्होल्टेज कमीजास्त होतंय. हे सर शिस्तीचे, बोलणं कमी, आणि परीक्षेशिवाय सख्ख्या भावालाही पास करणार नाहीत असे. पण व्होल्टेजचं कारण देणारे सर स्वतः जिने चढून जाऊ लागले, तेव्हा मी काय समजायचं ते समजले.

अशात तपासणीचं पत्र आलं. मध्येच सोडून गेलेल्या प्रत्येकाला दाखला दिला आहे का, ते बघायला तपासनीस बाई येणार. शोधता शोधता टेलरकाकांचं खातं उघडंच निघालं. ना प्रमाणपत्र, ना दाखला. सोडून जाण्याच्या कारणांत नोकरी, आजारपण, स्थलांतर आणि ‘इतर’ एवढेच पर्याय होते. मी ‘इतर’वर खूण केली (दुसरं काय करणार?), झालेल्या घटकांचा दाखला छापला, तळाचं वाक्य तपासलं आणि त्यांच्या पत्नीला पाठवायला म्हणून टेबलावर ठेवून जेवायला गेले. परत आले तर टेबल रिकामं. पलीकडे घंटा वाजली. लिफ्ट खाली आली, दार उघडलं, आणि आत जमिनीवर माझा दाखला. सदऱ्याची घालतात तशी चापूनचोपून घडी, आणि ‘हे पूर्ण प्रमाणपत्र नाही’ या वाक्याखाली निळ्या खडूची सरळ रेघ. कापडावर खुणा करायचा चपटा खडू असतो ना, तो.

प्राचार्य म्हणाले, वाऱ्याने उडाला असेल. मी त्यांना माझी खिडकी दाखवली. मग ते म्हणाले, दुसरा छापा. दुसराही लिफ्टमध्ये गेला, तशीच घडी, तशीच रेघ, या वेळी जरा दाबून ओढलेली. मामा, मी घाबरट नाही. लहानपणी तुमच्या घोरण्याच्या शेजारच्या खोलीत मी एकटी झोपत असे. पण ती रेघ बघून मी तिसरा छापला नाही. मी काकांच्या पत्नीला फोन लावला आणि दाखला समक्ष घेऊन जा म्हणून सांगितलं.

काकांच्या पत्नी आल्या. बारीक अंगाच्या, केस घट्ट बांधलेले, कापडी पिशवी मांडीवर. मी जपून सगळं सांगितलं. त्यांना नवल वाटल्याचं दिसलं नाही. दाखला हातात घेऊन त्या म्हणाल्या, घडी त्यांचीच आहे. मग तळाचं वाक्य वाचलं आणि दाखला माझ्यासमोर सरकवला.

“अर्धवट शिवलेला कपडा त्यांनी कधी गिऱ्हाइकाच्या हातात दिला नाही,” त्या म्हणाल्या. “स्वतः कसा घेतील?”

नंतर जरा मोकळ्या झाल्या. घरीही तेच चाललंय म्हणाल्या. दिवेलागणीला शिलाई मशिनचं पायडल हलायला लागतं. सुईत दोरा नसतो, कापड नसतं, नुसतं चाक फिरतं. आता जा, माझी काळजी करू नका, असं त्यांनी परोपरीने सांगून पाहिलं. मग खिन्न हसल्या आणि म्हणाल्या की जिवंतपणी हा माणूस दुकानामुळे इतका वेळ कधी घरात नव्हता. पण थकल्या होत्या हो मामा. आपलं माणूस गेल्याचं दुःखही ज्या बाईला धड करू देत नाहीत, तिचा चेहरा कसा होतो ते मी त्या दिवशी पाहिलं.

प्राचार्यांनी तोडगा काढला. एकच तर घटक राहिलाय, देऊन टाका पूर्ण प्रमाणपत्र, म्हातारीलाही समाधान आणि आपलीही सुटका. मी म्हटलं, साहेब, परीक्षा झालेली नाही, हे खोटं होईल. ते म्हणाले, तक्रार करायला येतोय कोण? (हा प्रश्न त्यांनी त्या लिफ्टकडे पाठ करून विचारला, याचं मला अजून आश्चर्य वाटतं.) वरिष्ठांचा हुकूम, मी छापलं. लिफ्टने ते आमच्या डोळ्यांदेखत परत आणलं. शेवटच्या घटकाची ओळ तेवढी कापून काढलेली, बाकी कुठे धक्का नाही. आणि कडा नागमोडी कात्रीने कापलेल्या, दोरे सुटू नयेत म्हणून. कागदाला कुठले आलेत दोरे, पण सवय ती सवय. प्राचार्य खाली बसले. पाणी मागितलं.

लिफ्टचे सर तो कागद बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, “उमेदवार परीक्षेला तयार आहे. आपणच घेत नाही आहोत.”

झालं, परीक्षा ठरली. सर खाली उभे राहून बघणार, उमेदवाराने वरच्या यंत्रखोलीतून काम करायचं. आता प्रवासी कोण? सर परीक्षक. प्राचार्यांना रक्तदाब. काकांच्या पत्नी तयार होत्या, पण उमेदवाराचा नातेवाईक चालत नाही. नियम मीच वाचून दाखवला आणि वाचता वाचता माझ्या लक्षात आलं की आता खोलीत एकच माणूस उरलंय.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी लिफ्टमध्ये शिरले. दार लागलं, लिफ्ट वर चढली, दोन मजल्यांच्या मध्ये गचकन थांबली आणि दिवा गेला. असा काळोख की स्वतःचा हात दिसेना. खालून सरांचा आवाज आला, पहिली पायरी कोणती? मग वर, अगदी वर, मेन स्विच खाली ओढल्याचा खट् असा आवाज. यंत्रखोलीला बाहेरून कुलूप होतं मामा, आणि किल्ली सरांच्या खिशात. त्यानंतर वास आला. ओलसर कापडावर गरम इस्त्री फिरवल्यावर येतो तो. सगळं विसरून मी दाराच्या फटीत बोटं घातली.

“बाई, दाराला हात लावू नका,” छताच्या वरून कोणीतरी म्हणालं. “खाली घेतोय. सावकाश.”

आवाज अगदी साधा, घशात जरा खरखर. मी विचारलं, तुम्हीच का? ते फक्त बोलत राहा म्हणाले, म्हणजे श्वास नीट चालतो. मग मी काय वाटेल ते बोलत सुटले. कंबरेचं सांगितलं, खिडकीचं सांगितलं, तुमच्या खोकल्याचंही सांगितलं. वर चाक हाताने फिरवल्याची करकर चालू होती आणि लिफ्ट वीतवीत खाली येत होती. मध्येच ते म्हणाले, उजव्या खांद्याची शिवण उसवली आहे, बाहेर गेल्यावर टाका घालून घ्या. काळोखात, पोलादी छतापलीकडून! आणि काय सांगू, तेवढ्याने माझी भीती निम्मी उतरली. जो माणूस तुमची शिवण बघतो तो तुम्हाला पडू देणार नाही, असं काहीसं वाटलं.

दार उघडलं. लिफ्ट फरशीशी बरोबर जुळलेली, केसभरही वरखाली नाही. सर कागदावर खुणा करत होते. बाकावर काकांच्या पत्नी बसल्या होत्या. जमलं का, एवढंच त्यांनी विचारलं. सर म्हणाले, “सक्षम.” आमच्याकडे उत्तीर्णला तसं म्हणतात. त्यांच्या तोंडून तो शब्द निघताना मी क्वचितच ऐकलाय.

बाईंनी मान वर करून त्या उंच अंधाराकडे पाहिलं. “झालं आता,” त्या हळूच म्हणाल्या. “खाली या.”

यंत्रखोलीतून एक लोखंडी शिडी खाली उतरते. तिची वरची पायरी वाजली. मग त्याखालची. वयस्कर माणूस उतरतो तशी, प्रत्येक पायरीवर जरा थांबून. आम्ही तिघेही शिडीकडे बघत होतो आणि शिडीवर कोणी नव्हतं. शेवटची पायरी वाजली. काकांच्या पत्नी बाकावर थोड्या सरकून बसल्या, शेजारी जागा करून. सर पाठ फिरवून चष्मा पुसायला लागले. मी तिथेच उभी राहून रडले, कशासाठी ते मला नीट सांगता येणार नाही.

प्रमाणपत्र छापलं. दुसऱ्या दिवशीची दुपार झाली तरी ते टेबलावरच राहिलं. बाई ते पिशवीत घालून घेऊन गेल्या, आणि तेव्हापासून लिफ्ट बोलावल्याशिवाय हलत नाही. राहता राहिल्या तपासनीस बाई. त्यांनी कागद न् कागद बघितला, आणि टेलरकाकांच्या पानावर बोट ठेवलं. पूर्ण केल्याची तारीख मृत्यूच्या तारखेनंतरची कशी? सर म्हणाले, परीक्षा त्या दिवशी झाली. ओळख पटवली होती का? सर म्हणाले, हाताच्या सफाईवरून. बाईंनी नियमांचं पुस्तक काढलं आणि कितीतरी वेळ पानं उलटली. उमेदवार हयात असला पाहिजे, असं त्यात कुठेही लिहिलेलं नाही. त्यांनी सही केली आणि जाताना लिफ्ट टाळून जिन्याने गेल्या.

माझा प्रश्न एवढाच, की तुमच्या मते ती तारीख टिकेल ना? मामींना नमस्कार, छोट्यांना आशीर्वाद.

आपली भाची

ता. क. : मुद्द्याचं राहिलंच. तुमच्या इमारतीची लिफ्ट बंद पडून किती महिने झाले, आणि प्रमाणपत्र असलेला माणूस मिळत नाही म्हणून सोसायटी अडून बसली आहे, असं मामी म्हणाल्या होत्या. काकांच्या पत्नी सांगतात की मशीन आता शांत आहे, पण घरात कोणीतरी नुसतं येरझाऱ्या घालतंय. शिकलेल्या माणसाला काम नको का? तुमचा होकार आला तरच पत्ता देईन. सोसायटीने प्रमाणपत्र मागितलं तर बिनदिक्कत दाखवा, पक्कं आहे. माणूस दाखवा म्हणाले तर विषय बदला.

आणखी एक : हे पत्र मी सरांना वाचून दाखवलं. ते म्हणतात की सगळं बरोबर आहे, फक्त लिफ्टमधून त्यांना एकच आवाज ऐकू येत होता. माझा. प्रश्नही मीच विचारत होते आणि धीरही मीच देत होते, घसा जरा खरखरीत करून. मग चाक कोणी फिरवलं, असं मी विचारलं. ते म्हणाले, व्होल्टेज.

शेवटचं : पाकीट चिकटवणार तोच काकांच्या पत्नीचा फोन आला. काकांची हत्यारांची पिशवी सकाळपासून खुंटीवर नाही, आणि घरात अगदी सामसूम आहे. कुठे गेले असतील, म्हणून विचारत होत्या. तुमचा पत्ता मी अजून कोणालाही सांगितलेला नाही, पत्ता लिहिलेलं पाकीट तेवढं कालपासून टेबलावर पडून होतं. तेव्हा होकार कळवण्याची घाई करू नका. दुपारी लिफ्टची घंटा वाजली तर घाबरू नका, आणि मामींना म्हणावं, दाराला हात लावू नका.