मालाडमधल्या बर्फगाडीची विल्हेवाट

मी, यज्ञेश राजेश घाडीगावकर, वय तेवीस, राहणार कुरार, मालाड पूर्व, शिक्षण मेकॅनिकल इंजिनीअरिंग (अर्धवट), लिहून ठेवतो की माझं डोकं ठिकाणावर आहे. मृत्युपत्रात असं म्हणावं लागतं म्हणून हे म्हणत नाही. घरात या मुद्द्यावर रोज उघड शंका घेतली जाते म्हणून म्हणतो. मी नशेत नाही. हे लिहायला कुणी दबाव आणलेला नाही. लिहू नये म्हणून मात्र सगळ्यांनी आणला.

लिहिण्याचं कारण असं. येत्या सोमवारी मी माझी टर्बो स्नोमोबाइल ट्रकवर चढवून गुलमर्गला निघतो आहे. पर्यटकांना बर्फात फिरवणारा तिथला एक धंदेवाला ती विकत घ्यायला तयार आहे, पण त्याची अट आहे. व्हिडिओ चालणार नाही. गाडी उंचावर आणायची आणि त्याच्या डोळ्यांदेखत खडा चढ चढवून दाखवायची. त्या चढावर मी स्वतः बसणार आहे. बर्फावर मी आजवर काहीही चालवलेलं नाही. "तू बर्फ फक्त गोळ्यात बघितलायस, यज्ञेश," असं सपना म्हणते, आणि ते खरं आहे. डोंगरावरून बर्फ सुटतो, गाड्या उलटतात, माणसं गाडली जातात. मी गाडला गेलो तर पुढीलप्रमाणे करावं.

कलम १. गाडीविषयी.
गाडी सोसायटीच्या पाण्याच्या टाकीमागे निळ्या ताडपत्रीखाली असते. पुढे दोन स्की, मागे रबरी पट्टा, मध्ये टू-स्ट्रोक इंजिन. गोरेगावच्या एका स्टुडिओने थर्मोकोलच्या बर्फातल्या एका शूटिंगसाठी ती जुनी आणली होती. ते शूटिंग बंद पडलं आणि भंगाराच्या लिलावात मी ती उचलली. कॉलेज मी या गाडीसाठी सोडलं नाही. सपनासाठीही सोडलं नाही. प्रॅक्टिकलच्या सरांनी मी न बिघडवलेलं मशीन मीच बिघडवलं असं ठरवलं, मी तिथेच भांडलो आणि परत गेलो नाही. हे शेवटचं लिहून देतो. माझ्यामागे कुणी दुसरी गोष्ट रचू नये.

जो कुणी ही गाडी पुढे विकेल त्याच्यासाठी: टर्बो कंपनीतूनच आलेला आहे, नंतर कुठल्या गॅरेजात बसवलेला नाही. जुन्या बर्फगाडीची किंमत इथेच ठरते. नंतर बसवलेल्या टर्बोवर कुणी विश्वास ठेवत नाही, आणि ठेवूही नये. टर्बोचं काम उंचावर असतं. तिथे हवा विरळ होते, साधं इंजिन धापा टाकतं आणि हा त्याच्या नरड्यात हवा कोंबतो. समुद्राला लागून असलेल्या मालाडात तो नुसताच शिट्टी मारणार. "कमी चाललीये, म्हणजे नवीच की" असं म्हणणाऱ्या गिऱ्हाइकाला खरं सांगावं, की जास्त चाललेल्या गाडीपेक्षा नुसती पडून राहिलेली गाडी वाईट. सील कडक होतात, पेट्रोल चिकट होतं. मी सगळे सील बदलले आहेत, पिस्टन उघडून पाहिला आहे, बेल्ट नवा आहे. ही गाडी दगा देणार नाही. मी देईन कदाचित.

आणि "किती अॅव्हरेज देते?" असं विचारणाऱ्याला गाडी विकू नये. आजवर आलेल्या प्रत्येकाने हेच विचारलं. एकाने तर "पाण्यावर पण चालते ना?" विचारलं. मी त्याला हाकलला.

कलम २. देवेशविषयी.
देवेश माझा शाळेपासूनचा मित्र. त्याला मी गाडीच्या खालच्या, रबरी पट्टा ज्यांवरून घसरतो त्या दोन प्लास्टिकच्या पट्ट्या ठेवतो, वितळलेल्या. त्याने त्या घरात दर्शनी भागात लावाव्यात. पार्ट्या भरवणारा एक माणूस गाडी बघायला आला तेव्हा देवेश म्हणाला, "गोराईला नेऊ ना! वाळू काय, बर्फ काय, भुसभुशीत ते भुसभुशीत!" मी नाही म्हणत होतो. या गाडीला रेडिएटर नसल्यासारखाच असतो. पट्ट्याने उडालेला बर्फ खालून लागतो तेव्हा इंजिन थंड राहतं, आणि त्याच बर्फाने पट्ट्या ओल्या राहतात. गोराईच्या वाळूवर गाडी नारळाच्या झाडापासून होडीपर्यंतही पोचली नाही. धूर निघाला, पट्ट्या वितळल्या. गिऱ्हाईक म्हणालं, "बॉस, इसको तो बुखार है," आणि निघून गेलं. देवेश हसत होता. मी त्याच्याशी महिनाभर बोललो नाही आणि अजूनही मनापासून बोलत नाही.

त्यानंतर ट्रायल द्यायची माझी पद्धत अशी: बाजारात मासे झाकायला येतो तो कुटलेला बर्फ गोणीने आणायचा, टाकीमागे पसरायचा आणि त्यावर गाडी पुढे-मागे करायची. गाडी झकास चालते. बांगड्याचा वास येतो, त्याला माझा इलाज नाही. सोसायटीतल्या मांजरांना गाडीपासून दूर ठेवावं.

कलम ३.
गणेशोत्सव मंडळाला गाडी कोणत्याही परिस्थितीत देऊ नये. कैलासाच्या देखाव्यात शंकराला तिच्यावर बसवायचा त्यांचा विचार आहे. त्यांनी माप घेतलेलं मला माहीत आहे.

कलम ४. पप्पांविषयी.
माझी हत्यारं, पान्यांचा संच आणि टॉर्क रेंच पप्पांना. त्यांनी गाडी पहिल्यांदा पाहिली तेव्हा एवढंच विचारलं, "अरे, ह्येका बर्फ खयसून हाडतलस?" आणि आत जाऊन टीव्ही लावला. बर्फ कुठून आणणार हा प्रश्न बरोबर होता, पण टीव्हीचा आवाज वाढवायची गरज नव्हती. हत्यारं देताना एक अट आहे: सपनाचा उल्लेख "ती मुलगी" असा करणं बंद करावं. तिला नाव आहे. आडनावही आहे, ते त्यांनी पहिल्याच दिवशी विचारून घेतलं होतं, आणि तेव्हापासून ते तिला "बस" म्हणालेले नाहीत.

कलम ५. आईविषयी.
माझा फोन, बाइक आणि बँकेत असेल ते सगळं आई, सौ. वनमाला हिला. तिने माझ्या बॅगेत लोकरीचे तीन स्वेटर आणि खोबरेल तेल भरलं आहे. खोबरेल तिथे दगड होईल, हे मी तिला सांगितलेलं नाही.

कलम ६. सपनाविषयी.
गाडी सपना भीमराज सोनकांबळे हिला. तिने ती वापरावी, विकावी, पेटवून द्यावी. आम्ही पहिल्यांदा टाकीमागे बसलो तेव्हा तिने अॅव्हरेज विचारलं नाही. "तिकडे एवढ्या थंडीत ही सकाळी चालू कशी होते रे?" असं विचारलं. सगळ्या मालाडात हा एकच शहाणा प्रश्न या गाडीला विचारला गेला. मी उत्तर देत बसलो आणि ती ऐकत बसली. त्यानंतर मला दुसरी कुणी आवडणं शक्य नव्हतं.

तिचं-माझं भांडण आहे ते असं. ती म्हणते, "चढावर त्या गुलमर्गवाल्याचा माणूस बसेल ना. तो रोज बसतो. तू खाली उभा राहा."
"विकणारा आपल्या गाडीवर बसायला घाबरला तर घेणारा कशाला घेईल?"
"तू गाडी विकायला चाललायस की मला काहीतरी दाखवायला?"
मी म्हणालो, दोन्ही. ती उठून गेली. फोन उचलत नाही. म्हणून हे कलम. मी परत आलो नाही तर निदान गाडी तरी तिच्याकडे असावी.

असं हे मृत्युपत्र मी कुणाच्या सांगण्यावरून नव्हे तर वैतागून, पण पूर्ण विचाराने केलं आहे.

सही: यज्ञेश राजेश घाडीगावकर

साक्षीदार १: सौ. जानकी, शेजारच्या काकू. त्यांनी आधी विचारलं, "मला काय ठेवलंयस?" मी सांगितलं, "काही नाही काकू. ज्याला काही मिळतं त्याने साक्षीदार होऊ नये, म्हणून तर तुम्हाला बोलावलं." त्या नाराजीने सही करून गेल्या.

साक्षीदार २: ही जागा देवेशसाठी होती (वितळलेल्या पट्ट्या मिळणं म्हणजे काही मिळणं नव्हे). तो आला नाही. त्याने परस्पर सपनाला कळवलं आणि ती दारात आली. पप्पा घरीच होते. तिने उभ्याउभ्या सगळं वाचलं, कलम सहा दोनदा वाचलं. माझ्या हातातून पेन घेतलं आणि सही केली: सपना भीमराज सोनकांबळे.
मी म्हणालो, "अगं, तू साक्षीदार झालीस तर तुला गाडी कशी मिळणार?"
"माहितीये. ऐकलं मी काकूंचं, जिन्यातून. मला तुझं मेल्यावरचं काही नको. आता मर बघू कसा मरतोस."
आतून पप्पा म्हणाले, "सपना, बस गो. उभी कित्याक?"

दुरुस्ती: कलम ६ रद्द. गाडीला वारस नाही. त्यामुळे ती मला जिवंतपणीच विकावी लागेल. चढावर घेणाऱ्याचा माणूस बसेल. मी खाली उभा राहीन.

सही: यज्ञेश
ठिकाण: मालाड (पूर्व)
दिनांक: ९ जानेवारी २०२६