संगणकाने जुळवलेली सोयरीक

सदर, नागपूर
१२ जानेवारी १९८७

ती. इंदुताईस रुपरावचा शि. सा. न. वि. वि.

नोकरी सोडली म्हणून तू रागावलीस, पण आता ऐक. संगणकावर सोयरिकी जुळवायचं माझं केंद्र सुरू झालं. मशीन थंड खोलीत ठेवलं आहे, आत जाताना जोडे काढावे लागतात. जरीपटक्याहून लोक नुसतं पाहायला येतात. प्रोग्राम अजून पुण्याहून यायचा आहे, तोवर शामला आतल्या खोलीत बसून फॉर्म जुळवते. ते कोणाला सांगत नाही, एवढंच. तुझ्या शाळेतल्या बायांना आमचा पत्ता दे.

तुझ्या कौतुकाचा भुकेला,
रुपराव

अमरावती
१९ जानेवारी

चि. रुपराव यास अनेक आशीर्वाद, वि. वि.

पत्र वाचून आधी हसू आलं, मग लाज वाटली. लोक जोडे काढतात बंद डब्यासमोर, आणि राबते तुझी बायको! मग पाटीवर शामलाचं नाव लिही की. नाही लिहिणार. बाईच्या शब्दावर कोणी पोरगी देत नाही, डब्याच्या शब्दावर देतात, हे तुला पक्कं ठाऊक आहे. प्रोग्राम येईपर्यंत दार बंद ठेव.

रागावले तरी तुझीच,
इंदुताई

नागपूर
३ मे

ती. इंदुताईस सा. न. वि. वि.

प्रोग्राम अजून आलेला नाही, आणि एक घोटाळा झाला. वाडीला ट्रान्सपोर्टच्या गोदामात नत्थूजी म्हणून मुनीम आहेत. त्यांच्या देवकीचं आम्ही भिलाईच्या एका मुलाशी जुळवलं. तिकडे जाऊन चौकशी करू का, असं त्यांनी विचारलं होतं. मी म्हटलं, संगणकाने सगळं तपासलं आहे. लग्न झालं, आणि देवकी सासरी पोचली तर घरात पहिली बायको अन् दोन लेकरं! आठव्या दिवशी पोरगी परत आली. खोटा फॉर्म त्याने भरला, माझा काय दोष? नत्थूजींना मी मशीन बिघडलं होतं असं सांगितलं. ते म्हणाले, मशीनच बिघडली तर तुमाले काय म्हनू साहेब, आणि हात जोडून गेले. नव्या धंद्यात असं व्हायचंच.

तुझा,
रुपराव

अमरावती
७ मे

रुपराव,

या खेपेला आशीर्वाद देववत नाही. जे मशीन कधी चाललंच नाही, ते बिघडलं कसं? भिलाईला जाऊन यायला दोन दिवस लागले असते. एका बापाने ते स्वतः करतो म्हटलं, तर तू त्यालाही अडवलंस, आणि वर त्याचा नमस्कार घेतलास! आजच वाडीला जा आणि खरं सांग. तू जाणार नाहीस, हेही मला माहीत आहे.

इंदू

नागपूर
१६ मे

ती. इंदुताईंना शामलाचा सा. न. वि. वि.

तुमचं पत्र ह्यांनी उशाखाली दडवलं होतं, मी काढून वाचलं. हे गेले नाहीत, म्हणून मी वाडीला गेले. देवकीला सांगितलं की संगणक बंदच होता, तुझी सोयरीक मी जुळवली. मुलाचा पगार आणि उंची पाहिली, बाकी काही पाहिलं नाही. ती शिव्या देईल असं वाटलं होतं. पण सासरचे आता म्हणतात, पहिल्या बायकोचं नत्थूजींना सगळं माहीत होतं. म्हणून देवकीने एवढंच विचारलं, बाई, हे वकिलापुढं सांगसान का?

काल मुलाने स्वतःच्या हाताने ‘अविवाहित’ लिहिलेला फॉर्म मी वकिलाला दिला. केंद्रात काय चालतं तेही लिहून दिलं. हे संतापले, धंदा तर बुडवलाच, वर सही काहून केली म्हणाले. मी म्हटलं, जुळवलं मी, मग सही कोण करणार? तेव्हापासून अबोला आहे. जेवायला मात्र दोन्ही वेळा वेळेवर येतात.

माया असू द्या, आणि वेळ पडलीच तर एक खोलीही.

तुमची,
शामला