ह्यांच्या कोटाला जोडलेला पट्टा

शुक्र., ५ डिसें.
कळंब्याच्या तळ्यावर धुकं. ऋता बाळाला कॅरिअरमध्ये पोटाशी बांधून फिरायला निघाली. मी मागून कुंची, दोन स्वेटर, दुपटं घेऊन. "आई, पुरे गं!" दारात सरूबाई भेटली, बाळाला न्हाऊ घालायला येते ती. "आवो ताई, ह्ये काय कांगारूवानी! पाय लोंबत्यात की लेकराचं." लोकरीचे मोजे आणायला परत आत पळाले.
ऋता बाळंतपणाला आल्यापासून घरात आवाज आहे. जानेवारीत जावई न्यायला येणार. पठाणकोट. लष्कराचं क्वार्टर, तिथली थंडी...

मंगळ., ९ डिसें.
ऋता आंघोळीला गेली, तेवढ्यात मी बाळाला कॅरिअरमध्ये घेतलं. दोन्ही स्वेटर, कुंची, वरून माझी शाल. तिने येऊन सोडवलं तर मान लालबुंद, पाठ घामाने ओली. चिडली. "अगं, तुझं अंग हाच त्याला एक स्वेटर असतो! आत जाड काही नको. डोकं, पाय झाका, बाकीची ऊब वरून, दोघांना मिळून." बरोबरच आहे तिचं. मग हळू आवाजात, "आता कॅरिअरमध्ये तू नको घेऊस."
दुपारी डोळा लागला नाही. एकदा तरी घेऊ देईल का जायच्या आधी?

रवि., १४ डिसें.
"वरून, दोघांना मिळून" हेच डोक्यात. शेवटी कपाटातून ह्यांचा लोकरी कोट काढला. ते गेल्यापासून हात लावला नव्हता. डांबरगोळ्यांचा वास, खिशात बडीशेपेचा चुरा. खिसा तसाच ठेवला.
मला ऐसपैस, पण बाळासकट बटणं लागत नाहीत. समोर मधोमध कापडाचा उभा, रुंद पट्टा जोडला तर? दोन्ही कडांना बटणं-काजं, वर बाळाच्या मानेपाशी खोलगट. कॉन्व्हेंटात शिवण शिकवणाऱ्या सिस्टर वाकडं काज दिसलं की सगळं उसवायला लावत. किती रडायचे मी तेव्हा. माझी जुनी शाल कापली.

रवि., २१ डिसें.
पट्टा झाला.
सरूबाई : "सायबांचा कोट न्हवं ह्यो? कापला का काय?"
"कापला नाही. जोडलाय."
"झ्याक केलासा. आता सायेब नातवाला घिऊन फिरत्यात बघा." आणि हसली. मी स्वयंपाकघरात गेले, उगीच.
ऋता काजांवरून बोट फिरवत राहिली. मग म्हणाली, "आत पातळ झबलंच हं. आणि नाक मोकळं राहू दे."
म्हणजे हो!

सोम., २२ डिसें.
तळ्याकाठी गेलो. बाळ छातीशी, कोट आम्हा दोघांवर. त्याची टोपी माझ्या हनुवटीखाली. ऋता मधून मधून बोट घालून त्याची मान बघायची. "ठीक आहे. घाम नाही." समोरून आलेले एक गृहस्थ, "आजी, कोटात काय हाय ओ?" ऋताच म्हणाली, "नातू हाय की!" माहेरची बोली तिच्या तोंडून किती दिवसांनी.
बाळ झोपलं. त्याचा श्वास माझ्या...

शनि., ३ जाने.
जावई येऊन दोघांना घेऊन गेले. बॅग बंद होईना. मी घडी करून वर ठेवलेला कोट ऋताने काढून खुंटीला लावला. "बाबांचा आहे. तुलाच लागेल." पट्टा मात्र घेतला. स्टेशनवर बाळ झोपेतच होतं.
घरात अजून बाळाला धुरी द्यायच्या शेगडीतल्या ओव्याचा वास. खिडक्या उघडल्या नाहीत.

शुक्र., ९ जाने.
ऋताचा फोन. पट्टा जावयांच्या जाकिटाला लावायचा म्हणते, काजं जुळत नाहीत. "सेफ्टी पिना लावू?"
"पिना नकोत, बाळाला टोचतील. बटणं सरकवून घे."
"मला कुठे जमतंय ते!"
"मी येऊन लावून देते." तोंडून निघून गेलं.
पलीकडून बाळाचा आवाज आला, कशावर तरी कुरकुरत होतं. मग, "इकडे फार गारठा आहे, आई. तुझे गुडघे... जरा कमी झाला की ये. बघू या, ह्यांच्याशी बोलते."
गारठा कमी झाल्यावर पट्ट्याचं काय काम?
फोन झाल्यावर एकटीच तळ्यावर गेले, कोट घालून. वाटेत सरूबाई. "ताई, कोट उगडाच? गारठा हाय की!" मधली बटणं लावलीच नव्हती. एक हात आत, छातीशी.
"असू दे," म्हटलं. बटणांचा डबा मात्र घरी आल्यावर खाली काढून माझ्या बॅगेशेजारी ठेवला.