एकास वीस

प्रिय दीक्षा,

फोनवर तू मला बोलूच देत नाहीस आणि मेसेजमध्ये एवढं सगळं मावायचं नाही, म्हणून हे पत्र. सावकाश वाच. अक्षर लागलं नाही तर मिलिंदरावांना विचार, त्यांचं मराठी अजून शाबूत आहे.

हॅरोच्या केअर होममधली बाबांची खोली पाहून आले. बाबा पुढच्या महिन्यात तिकडे जाणार, पिनरचं हे घर विकायचं आणि मी लीड्सला तुझ्याकडे यायचं, असं आपलं ठरलंय. तिथल्या मॅनेजरबाईंनी खोलीची मापं दिली. घरी येऊन तुझा जुना ग्राफ पेपर काढला आणि खोली एकास वीस प्रमाणात उतरवली. खरी मीटरभर भिंत कागदावर पाच सेंटिमीटर. मग पलंग, कपाट, आरामखुर्च्या, बुद्धमूर्तीचं टेबल, सगळ्यांना वीसने भागलं आणि कात्रीने कापून काढलं. खोली आपल्या लाउंजच्या दोन्ही बाजूंनी निम्मी, म्हणून मी खुशाल निम्मं सामान धरून चालले होते. कागदावर मांडलं तर काही केल्या बसेना. लांबी निम्मी आणि रुंदीही निम्मी, म्हणजे जागा पावच की! हसू नकोस. तू मुलांना हेच स्केल फॅक्टर शिकवतेस, पण आईला कधी शिकवलं नाहीस.

आता दुपारचा चहा झाला की मी त्या कागदाशी जाऊन बसते. खूप छान वाटतं गं. त्या खोलीच्या बाहेर काढलेल्या बे-विंडोच्या तिरक्या भिंती केवढ्याशा झाल्या, पण कोन होता तसाच राहिला, त्यामुळे खिडकी ओळखू येते. मग तिच्यातून ऊनही येतंय असं वाटायला लागतं. मी डोळे मिटून दारातून आत जाते, पलंगाला वळसा घालते, पडदा सारते. खाली मेट्रोपॉलिटन लाइनची ट्रेन जाते, तीही एवढीशी. तू लहानपणी सोफ्याखाली घर मांडायचीस आणि जेवायला बाहेर यायला तयार नसायचीस. तेव्हा मी किती चिडायचे!

बाबा शेजारी बसून बघत असतात. हल्ली ते मला कधी मनीषा म्हणतात, कधी नुसतंच अहो ताई. त्यांच्या बहिणीच्या नावाने हाक मारली तर मी ओ देते, पण ताई म्हटलं की उगाच कपबशा उचलायला लागते. एक मात्र रोज घडतं. मी त्यांच्यासाठी एकच खुर्ची खिडकीशी ठेवते, कारण दुसरीला जागा नाही. ते बाजूच्या ढिगातून दुसरी खुर्ची शोधतात आणि बोटाने सरकवत पहिलीच्या शेजारी आणून ठेवतात. मी उचलली की पुन्हा ठेवतात. काल मी जरा चढ्या आवाजात म्हटलं की इथे कोण बसणार आहे. त्यांनी माझा हात धरून त्या दुसऱ्या खुर्चीच्या कागदावर ठेवला.

आज सकाळी मी मॅनेजरबाईंना भेटून आले. वरच्या मजल्यावर जोडप्यासाठी एक खोली आहे, थोडी मोठी. तीही तिथेच कागदावर काढून पाहिली. कपाट सोडलं तर दोन पलंग बसतात, मधे हात पोचेल एवढ्या अंतरावर. मी हो सांगून आलेय. दीक्षा, तू माझ्यासाठी तुझ्या घरातली वरची खोली रंगवून घेतलीस, पडदे मला विचारून निवडलेस, हे सगळं मला माहीत आहे आणि म्हणूनच फोनवर सांगायला धीर झाला नाही. मी धडधाकट आहे, तिथे राहण्याचं माझं वय नाही, हे तू म्हणशील आणि ते खरंच आहे. पण मी लीड्सला येत नाहीये. मी बाबांबरोबर जातेय. रागाव हवं तर, पण सामान हलवायला ये. मला एकटीने दार ओढून घ्यायला जमणार नाही.

तुझीच, आणि त्यांचीही,
आई